जुनं लाकडी बाहुलीघर घेताना: वॉलपेपर राहू दे, सांधे बघा

प्रश्न थोडक्यात असा. पाच वर्षांच्या मुलीसाठी एक जुनं तीन मजली लाकडी बाहुलीघर मिळतंय. समोरची भिंत दोन दारांसारखी उघडते. फोटोंत त्यातलं एक दार खाली लोंबलेलं दिसतं, तळाची कड जरा फुगल्यासारखी वाटते, दोन खोल्यांतला वॉलपेपर सुटलाय, आणि विकणारा म्हणतो, "अस्सल लाकूड आहे, काही होत नाही त्याला." घ्यावं का? आणि प्रत्यक्ष बघायला गेल्यावर काय तपासावं?

वॉलपेपर आधी डोक्यातून काढून टाका. तो कधी ना कधी सुटतोच, आणि नवा लावणं हे बाहुलीघराच्या कामांतलं सगळ्यात मजेचं काम आहे. लोंबलेलं दार बहुतेक वेळा किरकोळ असतं. क्वचित ते मोठ्या दुखण्याचं लक्षण असतं, ते कसं ओळखायचं हे पुढे सांगतो. फोटोंतली खरी काळजीची गोष्ट म्हणजे ती फुगलेली कड. व्यवहार तिच्यावर ठरेल.

बाहुलीघर समोर आलं की नजर जाते खिडक्या, कठडे, कौलं आणि इवल्या दिव्यांकडे. हे सगळं नंतर लावता येतं, बदलता येतं. घराचा दणकटपणा असतो तो खोक्यात: तळाची फळी, बाजूच्या दोन भिंती, मजले आणि पाठ. समोरची बाजू उघडणारी असल्यामुळे ती घराला कसलाच आधार देत नाही. म्हणजे पाच बाजूंच्या खोक्याला सहाव्या बाजूचंही काम करावं लागतं, आणि त्यातला मोठा भार पाठीवर येतो. पाठ ढिली झाली की घर डावी-उजवीकडे डुलायला लागतं, मग एकेक सांधा उघडत जातो.

म्हणून गेल्यावर पहिलं काम हे करा. घर सपाट टेबलावर ठेवायला सांगा आणि दारं पूर्ण उघडा. एका हाताने तळ धरा, दुसऱ्या हाताचा तळवा छपराखाली बाजूच्या भिंतीवर वरच्या टोकाला टेकवा आणि हळूच बाजूला दाब द्या. जोर नको, बंद दार ढकलून बघताना लावतो तेवढाच. दाब देताना घराकडे बघू नका, समोरच्या कोपऱ्याकडे बघा, जिथे मजल्याची फळी भिंतीला मिळते. तिथे केसाएवढी फट उघडून पुन्हा मिटली तर तो सांधा सुटलेला आहे. काहीच हललं नाही, पण करकर आवाज आला, तर सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला जुन्या काळचा गोंद) किंवा गोंद तडकलाय आणि आता फक्त खिळे धरून आहेत.

घर डुललं म्हणून लगेच नाक मुरडू नका. मागे जा आणि पाठ बघा. बाहुलीघरांची पाठ सहसा ३ मिलिमीटरच्या हार्डबोर्डची किंवा पातळ प्लायची असते आणि बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, ठोकलेली असते. आतून अंगठ्याने खोलीच्या कोपऱ्यात दाबून बघा. पाठ भिंतीपासून सुटत असेल, चुका वर आलेल्या असतील, किंवा कुणी मूळ पाठ काढून तिथे पुठ्ठा लावला असेल, तर डुलण्याचं कारण सापडलं. ही चांगली बातमी आहे. घर गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात, आणून नवी पाठ गोंद-चुकांनी बसवली की तेच घर पुन्हा ताठ उभं राहतं. वाईट बातमी उलटी असते: पाठ घट्ट आहे, सगळ्या चुका जागेवर आहेत, आणि तरी घर डुलतंय. तेव्हा आतले बरेच सांधे एकदम गेलेले असतात. असं घर पूर्ण खोलून पुन्हा जुळवावं लागतं. ते जमतं, पण ते छंद म्हणून करायचं काम आहे. मुलीच्या वाढदिवसाची तारीख डोक्यात ठेवून ते अंगावर घेऊ नका.

आता लोंबलेलं दार. दार थोडं उघडा आणि मोकळी कड एका बोटाने वर उचला. नजर बिजागरीवर ठेवा. बिजागरी भिंतीत हलली, स्क्रू डोकं वर काढतायत असं दिसलं, तर भोकं सैल झालीत, एवढंच. भोकात गोंद लावलेली लाकडी टूथपिक दाबून बसवायची, वाळली की वरचा भाग सपाट कापायचा आणि तोच स्क्रू पुन्हा पिळायचा. कुणी आधीच जास्त लांब स्क्रू घातला असेल तर त्याचं टोक भिंतीच्या आत किंवा दाराच्या पुढे निघालेलं असतं. त्यावरून बोट फिरवून बघा, कारण उद्या मुलीचं बोट तिथूनच फिरणार आहे.

बोटाने उचलल्यावर बिजागरी जागची हलली नाही, तर दार मिटून त्याच्या भोवतीची फट बघा. फट वर बारीक आणि खाली रुंद, किंवा उलटी, अशी तिरकी जात असेल, तर दार सरळ आहे आणि घर तिरकं झालंय. खात्री करायची असेल तर उघड्या तोंडाचे कर्ण मोजा: वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरा. मोजपट्टी नसली तर सुतळी चालते. ६० सेंटिमीटर उंचीच्या घरात दोन कर्णांत २-३ मिलिमीटरचा फरक मी सोडून देतो, हाताने बनवलेल्या घरांत तो मुळातच असतो. त्याहून बराच जास्त असेल तर बिजागऱ्यांशी कितीही खटपट केली तरी दार बसणार नाही, आधी खोका सरळ करावा लागेल. अशा घराची दारं कुणीतरी रंधून, घासून बसवलेलीही सापडतात. दाराची एक कड दुसरीपेक्षा अरुंद, रंगाचा थर एकाच बाजूला खरवडलेला. म्हणजे आधीच्या मालकाने घर सोडून दाराची दुरुस्ती केली. असं दार दिसलं की मी बाकीची दुरुस्तीही त्याच नजरेने तपासतो.

"अस्सल लाकूड" हे शब्द कानावर आले की घर उलटं करायची परवानगी मागा. रंग न लागलेली कड शोधायची असते: तळाची खालची बाजू, छपराचा आतला भाग, खिडकीसाठी कापलेल्या भोकाची कड, निसटलेल्या स्क्रूचं भोक. लाकडाच्या रेषा फळीभर सलग आणि टोकाला वर्षवलयांच्या कमानी दिसल्या तर भरीव लाकूड. फिकट-गडद थर एकावर एक दिसले तर प्लाय. रेषाच नाहीत, सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग, आणि नखाने खरवडल्यावर बारीक तंतू निघाले तर एमडीएफ. भुशाचे आणि चिपांचे तुकडे दिसले तर पार्टिकल बोर्ड. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने जाळीचा ठसा असलेला गडद तपकिरी पातळ तक्ता म्हणजे हार्डबोर्ड. एकाच घरात यातले तीन प्रकार असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्यात फसवणूक काही नाही. चांगल्या ९ मिलिमीटर प्लायचं घर पातळ पाइनच्या घरापेक्षा जास्त टिकतं.

वजनावरून मात्र काही ठरवू नका. पाइनचं वजन घनमीटरला साधारण ५०० किलोच्या आसपास, एमडीएफचं ७०० ते ७५०. एमडीएफचं घर उचलताना दणकट वाटतं ते यामुळे.

प्रत्येक साहित्याची खोड वेगळी. भरीव लाकूड ऋतूप्रमाणे रुंदीत फुगतं-आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे रुंद फळीत रेषांच्या दिशेने चीर पडणं स्वाभाविक आहे. ती चीर फळीच्या मध्यात असेल तर मी तिला हात लावत नाही. ती सांध्यापर्यंत किंवा बिजागरीच्या स्क्रूपर्यंत पोचली असेल तर भरावी लागते. प्लायचं दुखणं म्हणजे थर सुटणं. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करत जा. एकाच भिंतीत आवाज घट्ट असताना मध्येच पोकळ झाला, तर तिथे आतला थर सुटून फोड आलाय. तळहाताएवढा फोड सिरिंजने गोंद भरून, वजन ठेवून बसतो. कडेपासून थर पानांसारखे उलगडत असतील तर ती फळी बदलायची.

एमडीएफची खोड एकच, पण ती जीवघेणी. एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू राळेबरोबर दाबून केलेली फळी. पाणी शिरलं की दाबलेले तंतू मोकळे होतात आणि वाळल्यावर पूर्वीसारखे दबत नाहीत. लाकूड वाळल्यावर बऱ्याच अंशी मूळ मापावर येतं, एमडीएफ येत नाही. घर ओल्या फरशीवर किंवा पोछ्याच्या वाटेत ठेवलेलं असलं की तळाची कड पहिली जाते. तुमच्या फोटोत हेच दिसत असावं.

ते असं तपासा. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत भिंत वरच्या बाजूला धरा आणि चिमूट तशीच खाली तळापर्यंत सरकवा. बोटांना जाडीतला बदल डोळ्यांपेक्षा आधी कळतो. व्हर्नियर (जाडी अचूक मोजायची पट्टी) असेल तर मापच घ्या. मग फुगलेल्या जागी नखाचं टोक दाबा. निरोगी एमडीएफवर पुसट खूण उमटते, फुगलेल्यात नख रुततं. शेवटी घर उलटं करून पाण्याची रेघ शोधा. ओल जिथपर्यंत चढली तिथे तपकिरी नागमोडी कड राहते आणि ती रंगाखालूनही बऱ्याचदा दिसते.

आता निर्णय. फुगलेला भाग म्हणजे जोत्याभोवती नुसती चिकटवलेली पट्टी असेल तर ती काढून नवी लावा, विषय संपला. तळाची आडवी फळी तेवढी फुगली असेल तर तीही बदलता येते, फक्त भिंतींचे खालचे सांधे सोडवावे लागतात. बाजूच्या भिंतींचा पाय फुगून मऊ झाला असेल, म्हणजे ज्यावर तीन मजले उभे आहेत तोच भाग, तर घर सोडून द्या. त्यावर लांबी (पुट्टी) भरून, घासून, रंग मारून ते दिसायला नवं होईल, पण स्क्रू धरणार नाही आणि दर पावसाळी हवेत कड पुन्हा तोंड काढेल. नुकताच रंग मारलेली तळाची कड, बाकी घर जुनाट रंगात, असं दिसलं तर मी तिथे नख रुतवून बघितल्याशिवाय पुढे बोलतच नाही.

मजल्यांची तपासणी सोपी. मजला भिंतीतल्या खाचेत बसवलाय की भिंतीला नुसता टेकवून ठोकलाय, हे बाहेरून कळतं. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला मजल्याच्या पातळीवर चुकांच्या डोक्यांची किंवा लांबीच्या ठिपक्यांची ओळ दिसली तर तो टेकवलेला आहे. खाचेतला मजला कधीही बरा, कारण भार खाचेवर येतो, खिळ्यांवर नाही. समोरच्या कडेच्या मध्यावर तळवा ठेवून खाली दाबा आणि टोकांकडे बघा, ती हलता कामा नयेत. फळी थोडी लवचिक असली तर हरकत नाही. पट्टी आडवी ठेवल्यावर खाली फट दिसली, तर मजला कायमचा वाकलाय. वाकलेली फळी टोकांनी आत ओढली जाते आणि उथळ खाचेतून बाहेर येते, म्हणून वाकलेल्या मजल्याची टोकं नेहमी टॉर्च मारून बघावीत.

३ मिलिमीटरच्या पातळ प्लायच्या किटमधून जुळवलेली घरं हा वेगळाच प्रकार. त्यांत भिंतीला खुंट्या आणि मजल्याला भोकं असतात आणि सगळं एकमेकांत अडकवून गोंदाने पक्कं करतात. ती दिसतात फार देखणी: मनोरे, सज्जे, नक्षीच्या झालरी. बाहेरून चिकटवलेल्या पट्ट्या आणि कौलं हाच त्यांचा अर्धा आधार. जुळवणाऱ्याचा हात चांगला असेल तर ती वर्षानुवर्षं कपाटावर छान राहतात. पाच वर्षांच्या मुलीच्या खेळासाठी मी ती सुचवणार नाही. मुलं मजल्यावर कोपर टेकवतात, छपराला धरून उठतात, आणि पातळ प्लायला ते झेपत नाही.

गोंदाकडे नीट बघा, त्यातून घराचा इतिहास कळतो. जुना सरस मधासारख्या रंगाचा, काचेसारखा ठिसूळ, आणि सांध्यातून त्याचे कपचे गळतात. नवा पांढरा लाकडी गोंद वाळल्यावर जवळजवळ पारदर्शक होतो. कोपऱ्यांत पिवळट, रबरी गोळे दिसले तर ग्लू गनचं काम. ग्लू गनचा सांधा उन्हाच्या तावात मऊ पडतो आणि धक्का बसला की अख्खा गोळा एका तुकड्यात निघून येतो. एक-दोन ठिकाणी असेल तर चालून जाईल, पण भिंती-मजल्यांचे मुख्य सांधेच तसे असतील तर घर नव्याने चिकटवायचं आहे असं धरूनच भाव बोला. जुन्या वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही, उघडं लाकूड लागतं. "मी परवाच चिकटवलं" असं कुणी सांगितलं की मला त्यामुळे आनंद होत नाही, कारण तो सांधा आता आधी सोडवावा लागणार असतो. सरस आणि पांढरा गोंद कोमट व्हिनेगरने मऊ होतात, ग्लू गनचा गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटतो. एमडीएफवर मात्र व्हिनेगर ओतत बसू नका, कापसाने हलकं लावा.

छपरात दोनच गोष्टी बघायच्या. खोलीत टॉर्च लावून बाहेरून आढ्याची रेघ आणि पाख्यांच्या कडा बघा, जिथून उजेड झिरपतो तिथे सांधा सुटलाय. आणि छप्पर बिजागरीवर उघडत असेल तर ते उघडं राहायला आधार आहे का ते बघा. आधार नसलेलं जड छप्पर मुलांच्या बोटांवर पडतं. घरं छपराच्या वळचणीला धरून उचलली जातात, त्यामुळे तिथे तडे जवळपास ठरलेलेच.

आता कीड. याबाबतीत मी जास्त कडक आहे, कारण सुटलेला सांधा घरातल्या बाकी फर्निचरला लागत नाही, कीड लागते. १ ते २ मिलिमीटरची गोल भोकं म्हणजे भुंगे बाहेर पडल्याच्या खुणा. भोकं जुनी असू शकतात, त्यामुळे भोक दिसलं म्हणून घाबरायचं नाही, ते जिवंत आहे का ते बघायचं. जुन्या भोकाची कड काळपट आणि आत धूळ भरलेली असते. ताज्याची कड आतल्या लाकडासारखी फिकट, आणि खाली भुकटी असते. भुकटी चिमटीत घेऊन चोळा. पिठासारखी मऊ असेल तर बहुधा लिक्टस जातीचे भुंगे, जे पाइनसारख्या मऊ लाकडाच्या वाटेला जात नाहीत, रुंद पानांच्या झाडांच्या लाकडात आणि त्यांच्या प्लायमध्ये शिरतात. भुकटी खरखरीत लागली तर फर्निचर पोखरणारे दुसरे भुंगे, आणि ते पाइनही खातात. भुकटीऐवजी खसखशीएवढे, सहा कडांचे टणक दाणे सांडलेले असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. ते दाणे दिसले की मी घर दारातूनच परत पाठवतो. भुंग्यांचा संशय असेल आणि घर फारच मनात भरलं असेल, तर ते काळ्या कागदावर ठेवून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि काही आठवडे ताजी भुकटी पडते का ते बघायचं. सुटे भाग लहान असतील तर हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोनेक आठवडे ठेवणं हा उपाय वस्तुसंग्रहालयांतही वापरतात. अख्खं तीन मजली घर फ्रीजरमध्ये कुणाच्या मावतं म्हणा.

वास घ्यायला लाजू नका. दारं मिटून दहा मिनिटं ठेवा, मग एकदम उघडून आत नाक घाला. कुबट वास आला तर सुटलेल्या वॉलपेपरचं एक टोक उचलून मागे बघा. तिथे काळे-हिरवे ठिपके असतील तर बुरशी आहे, आणि मग कागद वाळूनच नव्हे तर ओलीनेही सुटलेला असू शकतो. हे आणि फुगलेली कड एकत्र दिसली तर घर कधीतरी चांगलंच भिजलंय. सिगारेटचा वास कागदात आणि न रंगवलेल्या लाकडात बसतो, कागद काढून आतून सीलर मारला की बराच जातो.

रंगाचं प्रकरण पाच वर्षांच्या मुलीसाठी सगळ्यात गंभीर आहे. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत १९७८ पासून घरगुती रंगात आणि खेळण्यांवर शिशाची मर्यादा ६०० पीपीएम (दहा लाख भागांत ६०० भाग) केली गेली, २००९ मध्ये ती ९० पीपीएमवर आणली. इतर देशांत हे नियम वेगवेगळ्या वर्षी आले. डोळ्यांनी बघून शिसं कळत नाही. रंगाचं वय माहीत नसेल आणि तो पापुद्र्यांनी सुटत असेल, तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला. घरच्या घरी करायच्या काडीच्या चाचण्या चुकतात, विशेषतः वर नवा रंग असेल तर. एक्सआरएफ यंत्राची (क्ष-किरणांनी रंगातले धातू ओळखणाऱ्या यंत्राची) तपासणी जास्त भरवशाची. आणि काहीही झालं तरी असा रंग कोरड्या पॉलिश पेपरने घासू नका, भुकटी श्वासात जाते. माझं मत स्पष्ट आहे: घर १९७८ च्या आधीचं असेल आणि तपासणी झाली नसेल, तर ते कपाटावर ठेवायला घ्या, खेळायला घेऊ नका.

तसंच जुनं घर हाती लागलं तर दुरुस्तीची घाईही नको. जर्मनीतल्या मोरित्झ गॉटशाल्कची निळ्या आणि नंतरच्या काळातली लाल छपरांची घरं, अमेरिकेतल्या आर. ब्लिसची लाकडावर छापील कागद चिकटवलेली घरं, इंग्लंडमधल्या लाइन्स ब्रदर्सची ट्राय-अँग नावाची पत्र्याच्या उघडझाप खिडक्यांची घरं, यांत मूळ कागद आणि मूळ रंग हीच खरी किंमत असते. ब्लिसच्या घरावरच्या विटा, खिडक्या, नक्षी सगळी छापलेली असते. ओल्या फडक्याने पुसलं की नक्षीच निघून येते. ट्राय-अँगच्या खिडक्यांचा गंजलेला पत्रा बोट कापू शकतो. असं काही वाटलं तर घर आहे तसं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. जुनी घरं टिकतात कशी याचं उत्तम उदाहरण ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. पेट्रोनेला ऊर्टमन यांचं १६८६ ते १७१० च्या सुमाराचं बाहुलीघर मुळात एक भरभक्कम कपाट आहे, आणि खोल्या त्या कपाटाच्या आत आहेत.

दिवे असतील तर बहुतेक १२ व्होल्टचे असतात, ट्रान्सफॉर्मरवर चालणारे. भिंतीवर कागदाखाली तांब्याच्या चपट्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात. दिवे न लागणं म्हणजे बऱ्याचदा पट्टीचा एखादा जोड काळा पडलेला असतो. ट्रान्सफॉर्मर जुना असेल, वायरचं आवरण कडक होऊन तडकलं असेल, तर तो फेकून नवा घ्या, त्यात काटकसर नको. बॅटरीचा कप्पा उघडून पांढरी-हिरवी पूड बघा. बटण सेल असतील तर झाकण स्क्रूने बंद होतंय ना ते बघा. दारं मिटायला लोहचुंबक लावलेले असतील तर ते ओढून बघा. सुटलेले दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याला इजा होते. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर ३२ मिलिमीटरपेक्षा लहान, म्हणजे गिळता येईल असं काहीही खालच्या मजल्यावर ठेवू नका.

मापाचंही एक बघून घ्या, कारण फर्निचर नंतर घ्यायचं असतं. मुख्य दाराची उंची मोजा. १७ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर १:१२ (खऱ्या मापाचा बारावा भाग), जे सगळ्यात जास्त चालतं आणि ज्याचं सामान सहज मिळतं. ११ सेंटिमीटरच्या जवळ असेल तर १:१८, साडेआठच्या जवळ असेल तर १:२४. बार्बीसारख्या २९ सेंटिमीटरच्या बाहुल्यांसाठीची घरं १:६ च्या मापाची आणि बहुतेक मीटरभर उंच असतात. ती स्क्रूने जोडलेली असतात. ती उलटी पडू शकतात, म्हणून ती भिंतीला बांधायचीच, आणि त्यांची एमडीएफमधली स्क्रूची भोकं चिरलीत का ते आधी बघायचं.

बघायला जाताना टॉर्च, मोजपट्टी, काळा कागद आणि एखादी टोचणी घेऊन जा. विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: हे कुठे ठेवलं होतं, आणि याला आधी काय काय केलंय? माळ्यावर, गॅरेजमध्ये, बाल्कनीत, यांपैकी उत्तर काहीही आलं तरी हरकत नाही, पण त्या उत्तराप्रमाणे ओल, ऊन किंवा कीड आधी शोधायची.

घ्यायचं ठरलं तर नेताना छपराला किंवा बाल्कनीला हात लावू नका, तळाखाली दोन्ही हात घालून दोघांनी उचला. दारं टेपने बंद करू नका, जुना रंग टेपबरोबर निघतो. घराभोवती कापडाची पट्टी गुंडाळून बांधा. गाडीत ते उभंच ठेवा, पाठ सीटला टेकवून. सुटे कठडे, खिडक्या, कौलांचे तुकडे सगळे एका डब्यात घ्या. जो तुकडा कचऱ्यासारखा वाटतो तोही घ्या, कारण त्याच्यावरूनच हरवलेल्या दुसऱ्याचं माप काढता येतं. घरी आणल्यावर दोन आठवडे गोंदाला हात लावू नका. लाकूड नव्या हवेत बसू द्या, काही फटी आपोआप मिटतात आणि काही नव्या दिसतात. तेवढ्यात खाली ठेवलेल्या काळ्या कागदावर काही पडतंय का तेही कळतं.